सणाच्या पंगतीत कोलाची बाटली

१९३१ चा नाताळ अमेरिकेत हलाखीचा होता. शेअर बाजार कोसळून दोन वर्षं झाली होती, बँका एकामागून एक बुडत होत्या, कारखान्यांना टाळं लागत होतं. अशा हंगामात 'सॅटरडे इव्हनिंग पोस्ट' या तिथल्या घरोघरी जाणाऱ्या साप्ताहिकात एक रंगीत जाहिरात आली. लाल गालांचा, पांढऱ्याशुभ्र दाढीचा एक गुबगुबीत म्हातारा. एका हातात डोक्यावरून काढलेली टोपी, दुसऱ्या हातात काळसर पेयाने भरलेला ग्लास. डोळ्यांच्या कडांना हसून हसून पडलेल्या सुरकुत्या. हा सांताक्लॉज धुराड्यातून उतरत नाही, हरणांची गाडी हाकत नाही, कुणाला खेळणी वाटत नाही. तो थांबला आहे. रात्रभराच्या कामातून घटकाभर उसंत काढून तो कोका-कोला पितो आहे आणि त्या विश्रांतीला टोपी काढून मुजरा करतो आहे.

या चित्राबद्दल एक दंतकथा सर्रास ऐकू येते, की सांताला लाल कपडे कोका-कोलाने चढवले. ते खरं नाही. टॉमस नॅस्ट या व्यंगचित्रकाराने १८६३ पासून 'हार्पर्स वीकली'साठी सांता काढायला सुरुवात केली होती आणि एकोणिसावं शतक संपायच्या आत लालबुंद, ढेरपोट्या सांता अमेरिकेला चांगला ओळखीचा झाला होता. शीतपेयाच्या जाहिरातीत त्याला आणण्याचा पहिला मानही कोका-कोलाचा नाही. 'व्हाइट रॉक' नावाच्या कंपनीने १९१५ मध्ये आपल्या मिनरल वॉटरसाठी आणि १९२३ मध्ये जिंजर एलसाठी सांताला राबवून घेतलं होतं. कोका-कोलाने केलं ते वेगळं आणि माझ्या मते जास्त दूरगामी. त्यांनी सांताला घरात आणून बसवलं आणि त्याच्याबरोबर आपली बाटलीही घरात आणली. एखाद्या वस्तूला सणात, कुटुंबात आणि आठवणीत जागा कशी मिळवून द्यायची, याचा वस्तुपाठ त्या एका मोहिमेत सापडतो. आज आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर पडद्यावर जे काही दिसतं, त्याचा बराचसा भाग त्याच वाटेने आलेला आहे.

कंपनीची अडचण साधी होती. अटलांटात १८८६ मध्ये जॉन पेंबरटन नावाच्या औषधविक्रेत्याने तयार केलेलं हे पेय उन्हाळ्याचं. सोडा फाउंटनवर उभं राहायचं, पाच सेंट द्यायचे, ग्लास रिकामा करायचा आणि चालू लागायचं. हिवाळा आला की विक्री बसायची. म्हणून १९२२ मध्ये कंपनीने 'थर्स्ट नोज नो सीझन' अशी घोषणा काढली. तहानेला कुठला आलाय ऋतू, अशा अर्थाची. पण घोषणेने थंडीत कुणाला तहान लागत नाही. पुढच्या वर्षी रॉबर्ट वुड्रफ अध्यक्ष झाले आणि त्याच सुमारास सहा बाटल्यांचं पुठ्ठ्याचं खोकं बाजारात आलं. हातात धरून घरी नेता येईल असं. १९२८ मध्ये बाटल्यांची विक्री फाउंटनवरच्या विक्रीपेक्षा वरचढ झाली. म्हणजे पेय रस्त्यावरून घरात निघालं होतं. त्यातच १९२० पासून देशभर दारूबंदी होती. सणाच्या टेबलावर, चार माणसं जमली की हातात धरायला काय, हा प्रश्न घराघरात पडलेला. जागा रिकामी होती. तिथे बसण्यासाठी निमित्त हवं होतं.

आणखी एक गाठ होती, मुलांची. १९०९ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी कोका-कोलाच्या सिरपची पिंपं जप्त केली आणि १९११ मध्ये चॅटनुगात खटला उभा राहिला. पेयातल्या कॅफीनवरून, आणि ते मुलांच्या पोटात जातं यावरून, तिथे बरेच वाभाडे निघाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, शेवटी तडजोड झाली, कॅफीनचं प्रमाण कमी झालं. पण धडा मिळाला होता. त्यानंतर बरीच वर्षं मुलाच्या तोंडाला बाटली लावलेली दाखवणं कंपनी जाहिरातींत टाळत आली. मग मुलांच्या घरात, मुलांच्या सर्वांत लाडक्या रात्री शिरायचं कसं? पिणारा म्हातारा असावा आणि पाहणारी मुलं असावीत. सांताची निवड किती चपखल होती, हे या खटल्याकडे पाहिल्याशिवाय नीट कळत नाही.

हे काम डार्सी नावाच्या जाहिरातसंस्थेतल्या आर्ची ली यांनी ज्या चित्रकाराकडे दिलं, तो हॅडन सुंडब्लम. १८९९ मध्ये मिशिगन राज्यातल्या मस्कीगन गावी जन्मलेला, स्वीडिश बोलणाऱ्या आईबापांचा मुलगा, शिकागोत नाव कमावलेला. कॅनव्हासवर तैलरंगात काम करणारा. त्याच्याआधीचा सांता अनेकदा बुटका, खेळकर, थोडा भुताटकीचाही असे. सुंडब्लमने त्याला पूर्ण उंचीचा माणूस केला. नमुना म्हणून त्याने आपल्या मित्राला बसवलं, लू प्रेंटिस या निवृत्त विक्रेत्याला. प्रेंटिस वारल्यावर तो आरशात पाहून स्वतःचाच चेहरा काढू लागला. मुलांसाठी शेजारच्या दोन मुली बसायच्या. चित्रात त्यातल्या एकीचा मुलगा व्हायचा. १९६४ च्या चित्रातला काळा कुत्रा हा खरं तर गल्लीतल्या फुलवाल्याचा करडा पूडल होता, उठून दिसावा म्हणून काळा रंगवलेला. थोडक्यात, शेजारपाजार गोळा करून एक घर उभं केलेलं होतं. हे सगळं ३३ वर्षं चाललं, १९३१ ते १९६४.

ही चित्रं ओळीने पाहिली की घर कसं काबीज होत गेलं ते दिसतं. आधी सांता नुसता उभा आहे. मग तो आरामखुर्चीत बसतो. मग बूट सैल करतो. मग फ्रिज उघडून आत डोकावतो. ज्या काळात फ्रिज हीच मध्यमवर्गाची नवी प्रतिष्ठा होती, त्या काळात. सुरुवातीच्या काळातलंच एक चित्र आहे. सांता घरात आला आहे आणि त्याच्यासाठी एका मुलाने बाटली आणि चिठ्ठी ठेवली आहे: इथे जरा थांबा. सांतासाठी रात्री काही खाऊ काढून ठेवायचा, ही प्रथा त्या देशात होतीच. जाहिरातीने खाऊची जागा तेवढी घेतली. एवढ्या छोट्या बदलात केवढं साधलं बघा. मूल कोला पीत नाही, मूल कोला देतं. ते यजमान होतं. आलेल्याला काहीतरी प्यायला द्यावं, हा जगातल्या कुठल्याही घराचा संस्कार. तो संस्कार पाच सेंटांच्या बाटलीला चिकटला.

कंपनीने हे अजाणता केलं नव्हतं. १९३२ मध्ये त्यांनी आयडा बेली ॲलन या तेव्हाच्या प्रसिद्ध पाकशास्त्र-लेखिकेकडून पाहुणचारावर एक पुस्तक लिहून घेतलं. पाहुणे आले तर टेबल कसं मांडायचं, काय खाऊ घालायचं, हे गृहिणींना शिकवणारं. आणि त्यात अर्थातच आपलं पेय. पुढे १९४८ मध्ये तर जिथे कोक तिथे आतिथ्य, अशा आशयाची घोषणाच आली.

इथे मला त्या चित्रांतली एक उणीव सांगायची आहे, जी एकदा दिसली की डोळ्यांआड होत नाही. बहुतेक चित्रांत आई नाही. मुलं आहेत, खेळणी आहेत, झाड आहे, कुत्रा आहे, रात्रपाळी करून दमलेला सांता आहे. पण ते झाड सजवणारी, ती खोली आवरणारी, भेटी कागदात बांधणारी, दुसऱ्या दिवशीचं जेवण करणारी बाई नाही. सांताच्या बोटात अंगठी का नाही, त्याच्या बायकोचं काय झालं, असं विचारणारी पत्रं लोकांनी कंपनीला लिहिल्याचं कंपनीच सांगते. लोकांनी सांताच्या बायकोची चौकशी केली. घरातल्या बाईची कुणी केली नाही. तिच्यासाठी वेगळं पुस्तक छापलं होतं, चित्रात मात्र तिचं काम सांताच्या नावावर जमा झालं आणि विश्रांतीही त्यालाच मिळाली. सणाची जाहिरात सणातलं काम काढून घेते आणि मांडलेलं टेबल तेवढं ठेवते. मग त्या टेबलाशी माणसं कशामुळे जमली, या प्रश्नाला चित्रात एकच उत्तर उरतं, ते म्हणजे मधोमध ठेवलेली बाटली.

दुसऱ्या महायुद्धाने या सगळ्यात आठवणीची भर घातली. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा वुड्रफ यांनी जाहीर केलं की गणवेशातला आपला माणूस जगात कुठेही असो, त्याला कोका-कोलाची बाटली पाच सेंटांतच मिळेल, कंपनीला कितीही खर्च येवो. आघाड्यांच्या मागोमाग ६४ बाटली-कारखाने उभे राहिले. परदेशात चिखलात बसलेल्या वीस वर्षांच्या पोराला घरची आठवण कशाने येणार? आईच्या हातचं जेवण काही तिथे पोहोचवता येत नाही. बाटली पोहोचवता येते. घराची चव ही कारखान्यातून निघू शकते, हे त्या युद्धाने सिद्ध केलं. पुढच्या सगळ्या नॉस्टॅल्जियाच्या धंद्याचा पाया मला तिथे दिसतो.

त्यानंतरचं काम पुनरावृत्तीने केलं. दरवर्षी तोच सांता, तोच लाल, तेच हसू. लोक इतक्या बारकाईने पाहू लागले की एका वर्षी सांताचा पट्टा उलटा काढला गेला तर तेही त्यांनी कळवलं. १९३१ मध्ये सहा वर्षांचं असलेलं मूल १९५५ मध्ये स्वतः बाप झालं होतं आणि आपल्या मुलाला तेच चित्र दाखवत होतं. आता ते चित्र जाहिरात राहिलं नव्हतं, बालपण झालं होतं. सुंडब्लमची मूळ तैलचित्रं पुढे पॅरिसच्या लूव्रमध्ये आणि टोरंटोच्या रॉयल ओंटारिओ म्युझियममध्येही प्रदर्शनात लागली.

१९९३ मध्ये संगणकावर तयार केलेली पांढरी अस्वलं आली. बर्फात बसून, हातात बाटल्या घेऊन, सिनेमा पाहावा तशी आकाशातली ध्रुवीय प्रभा पाहणारी. पुढे त्यांना पिल्लंही झाली आणि ते एक कुटुंब झालं. इथे माणसांचा प्रश्नच मिटला. अस्वलांच्या घरी कामही नसतं, जात-वर्णही नसतो. याच अस्वलांच्या निमित्ताने २०११ मध्ये एक बोलकी गोष्ट घडली. त्यांच्या अधिवासासाठी मदत म्हणून वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाबरोबर कंपनीने नाताळात नेहमीच्या लाल कॅनऐवजी पांढरे कॅन काढले. लोक भडकले. काहींना तो डाएट कोक वाटला, काहींनी तर चवच बदलली म्हणून तक्रार केली. महिनाभरात लाल कॅन परत आणावे लागले. कॅनच्या आत तेच पेय होतं, बदलला होता तो फक्त आठवणीचा रंग.

आणि १९९५ मध्ये आले ट्रक. बर्फाच्छादित गावातून रात्री निघालेला, दिव्यांनी लखलखणारा लाल ट्रकांचा ताफा. तो जाईल तिथली झाडं, पूल, घरं उजळत जातात. या ट्रकांच्या अंगावर चित्र कोणतं? सुंडब्लमचा सांता. म्हणजे जुन्या जाहिरातीची आठवण नव्या जाहिरातीच्या अंगावर रंगवलेली. मालवाहू ट्रक ही कंपनीच्या व्यवहारातली सर्वांत रुक्ष गोष्ट. माल कारखान्यातून दुकानात नेणारं वाहन. तेच इथे सणाचं आगमन झालं. ब्रिटनमध्ये ही जाहिरात टीव्हीवर लागली की नाताळ सुरू झाला, असं म्हणणारे कितीतरी लोक आहेत. पुढे खराखुरा लाल ट्रक तिथल्या शहरांतून फिरू लागला. आईबाप मुलांना घेऊन थंडीत रांगा लावून त्याच्यासमोर फोटो काढू लागले.

तिथेच विरोधही उभा राहिला. २०१७ च्या सुरुवातीला सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातल्या जाणत्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहून या ट्रकच्या फेऱ्यांवर बोट ठेवलं. मुलांचे दात आणि वजन यांची चिंता करणाऱ्या शहरांच्या चौकात गोड पेयाची मिरवणूक कशाला, असा त्यांचा सवाल होता. लहान मुलांना उद्देशून जाहिरात करायची नाही, असं कंपनीचं जाहीर धोरण आहे. पण सांता, अस्वलाचं पिल्लू आणि दिव्यांचा ट्रक हे कुणाला उद्देशून असतं? अमेरिकेतल्या ३५५ मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये ३९ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेची जी आदर्श मर्यादा सुचवली, ती प्रौढ माणसासाठी दिवसाला साधारण २५ ग्रॅम होते. ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून गोड पेयांवर साखरेनुसार कर बसवला. हे आकडे बाटलीइतकेच खरे आहेत, पण जाहिरातीत त्यांना जागा नसते आणि सणाच्या दिवशी ते बोलून दाखवणारा माणूस घरात अप्रिय होतो. कुटुंबाच्या गोडव्याआड उभं राहण्याचा कंपनीला होणारा सर्वांत मोठा फायदा मला हाच वाटतो. पेयाला नाही म्हणणं म्हणजे घरच्यांच्या आनंदाला नाही म्हणणं, असं वाटायला लागतं.

२०२४ मध्ये तीच ट्रकची जाहिरात कृत्रिम बुद्धिमत्तेने पुन्हा तयार करण्यात आली आणि लोक संतापले. हे निर्जीव आहे, आमच्या नाताळाचा अपमान आहे, अशी ओरड झाली. पुढच्या वर्षीही कंपनीने तोच मार्ग धरला. मला या संतापात खरं दुःख दिसतं. आपली आठवण माणसांनी घडवली होती, एवढं तरी खरं असावं, अशी त्या लोकांची इच्छा होती.

आता आपल्याकडे. कोका-कोला १९७७ मध्ये भारतातून गेली. जनता सरकारात उद्योगमंत्री असलेल्या जॉर्ज फर्नांडिस यांनी परकीय चलन कायद्याप्रमाणे भांडवलातला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला सांगितलं आणि कंपनीने गाशा गुंडाळला. ती जागा भरायला त्याच वर्षी पार्ल्याच्या, म्हणजे विलेपार्ल्यात सुरू झालेल्या पार्लेच्या घराण्यातून थम्स अप आलं. गोल्ड स्पॉट आणि लिम्का आधीपासून होतेच. दिल्लीकडच्या प्युअर ड्रिंक्सने, जे आधी कोका-कोलाचंच बाटलीभरण करत, कॅम्पा कोला काढला. १९९३ मध्ये कोका-कोला परतली आणि रमेश चौहान यांच्याकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा ही सगळी नावं विकत घेतली.

मधल्या काळात एक फार वेगळी जाहिरात मराठी घरांतही शिरली होती. अहमदाबादच्या आरीज खंबाटा यांचं रसना. दूरदर्शनवरची ती लहान मुलगी आजही अनेकांच्या डोळ्यांसमोर असेल. पाच रुपयांच्या पाकिटात ३२ ग्लास, हा हिशोब मध्यमवर्गाने पाठ केला होता. मे महिन्याची सुट्टी, आत्ये-मामेभावंडं जमलेली, आणि दुपारी रसना. पण रसना प्यायचं तर कुणीतरी साखरेचं पाणी करायला हवं, त्यात पाकिटातली पूड आणि अर्क कालवायला हवा, बाटल्यांत भरून ठेवायला हवं. जाहिरातीत आई होती, कारण तिच्याशिवाय पेयच तयार होत नव्हतं. बाजारातली वस्तू असूनही रसना घरात घडत होतं. कैरीचं पन्हं, कोकम सरबत, लिंबाचं सरबत करणाऱ्या हातांनाच त्याने काम दिलं होतं. रसनाची आठवण निघाली की माणसं आई, काकू, आजी यांच्याविषयी बोलू लागतात, हे मी पुन्हा पुन्हा ऐकलं आहे. कोलाची आठवण निघाली की जाहिरातीविषयी बोलतात.

नंतरच्या पिढीत सूर बदलला. २००३ च्या सुमारास आमिर खान आणि प्रसून जोशी यांच्या 'ठंडा मतलब कोका-कोला'ने तेच केलं जे सुंडब्लमने केलं होतं, म्हणजे पाहुण्याला काय विचारायचं या रीतीतच पेय बसवलं. त्याच काळात पाच रुपयांची २०० मिलिलिटरची छोटी बाटली खेड्यापाड्यांत गेली. पेप्सिकोने दिवाळीसाठी 'घरवाली दिवाली' अशी मोहीम चालवली. शहरात नोकरी करणारी मुलं, लांबचं गाव, वाट पाहणारे आईवडील, हा कथाभाग आता सगळ्याच दिवाळी जाहिरातींचा झाला आहे. पेय असो, चॉकलेट असो वा मोबाइल. आणि २०२२ मध्ये रिलायन्सने विकत घेतलेला कॅम्पा मार्च २०२३ मध्ये पुन्हा बाजारात आला, तेव्हा लोकांच्या मनातलं जुनं नाव हेच त्याचं मोठं भांडवल होतं. कोका-कोला नसल्यामुळे जन्माला आलेल्या पेयाची आता आपल्याला हुरहुर लागावी, इतकी आपली आठवण कामाला लावलेली आहे.

या जाहिराती पाहून डोळ्यांत पाणी येतं, हे मी नाकारणार नाही. येतं, कारण त्यातलं दुःख खरं असतं. पुण्या-मुंबईहून, बंगळुरूहून, न्यू जर्सीहून दिवाळीला घरी पोहोचता न येणं हे हजारो मराठी घरांतलं वास्तव आहे. जाहिरात ते वास्तव शोधून काढते आणि त्यावर आपली चिठ्ठी चिकटवते. माझी तक्रार भावनेबद्दल नाही, तिच्या पावतीबद्दल आहे. दिवाळीच्या आठवड्यात किराणा दुकानासमोर दोन लिटरच्या बाटल्यांची चळत लागते. घरी फराळाच्या ताटाशेजारी ती बाटली उघडली जाते. त्या ताटासाठी कुणीतरी आठवडाभर आधी भाजणी भाजून दळून आणलेली असते, सोऱ्याने चकल्या पाडलेल्या असतात, करंज्यांच्या कडा कातण्याने कापलेल्या असतात, पहाटे उठून उटणं कालवलेलं असतं. हल्ली हे काम अनेक घरांत बचतगटाच्या किंवा खानावळीच्या बायका पैसे घेऊन करतात. तेही कामच आहे आणि तीही माणसंच आहेत. तीस सेकंदांच्या फिल्ममध्ये दार उघडतं, मुलगा आत येतो, आई हसते, बाटलीचं झाकण उडतं. चकली आधीच ताटात असते.

मराठी दिवाळी अंक जाहिरातींवर चालतो. या अंकातही त्या आहेत, आणि त्यांच्या पाठबळाशिवाय असे लेख छापले जात नाहीत, याची मला जाण आहे. म्हणूनच या जाहिराती लिहिणाऱ्या, चित्रित करणाऱ्या आणि मंजूर करणाऱ्या मराठी माणसांना माझी विनंती आहे. पुढच्या दिवाळीची फिल्म लिहाल तेव्हा कॅमेरा एकदा स्वयंपाकघरात न्या. तिथे काम करणारी जी कोणी असेल, किंवा असेल तो, त्याला नाव द्या, एखादं वाक्य द्या, आणि पंगत बसेल तेव्हा तिला किंवा त्यालाही पाटावर बसवा. तुमचं पेय तिथे खुशाल ठेवा. आणि त्यात साखर किती आहे, तेही त्याच पडद्यावर वाचता येईल एवढ्या अक्षरात लिहा.